काचेतला कुंदा

माझ्या हाताला ढेपेचा वास येतो, हे मला पहिल्यांदा माझ्या साडूनं सांगितलं. तोपर्यंत मला तो कधी आला नव्हता. आर्णीत रस्त्याला लागून माझं दुकान, मागे गोदाम, गोदामावर राहायचं घर. गोदामात छतापर्यंत सरकीच्या ढेपेची, म्हणजे जनावरांच्या पेंडीची, पोती. तालुक्यात ज्याच्या दारी गाय-म्हैस आहे तो माझ्याकडे येतोच. हे सगळं मी उभं केलं. आधी जिनिंगमध्ये पोती उचलली, मग सरकीची दलाली केली, मग दुकान टाकलं. हात देऊन वर कोणी ओढलं नाही. पाय ओढणारे होते, आणि ते सगळे माझ्या लक्षात आहेत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, नात्यानंही धाकटा, पण शेतीची पदवी घेतलेला. पुसदला त्याचं कृषी केंद्र होतं: बियाणं, खत, फवारणीची औषधं. ती कापसाची वाईट वर्षं होती. एक औषध चाललं नाही की शेतकरी दुसरं न्यायचा, दुसरं चाललं नाही की तिसरं. इकडे जिनिंग एकेका पाळीवर येत होत्या, सरकी मिळत नव्हती, माझ्या दुकानात बसून माणसं नुसती रस्त्याकडे पाहत. तिकडे साडूचा बंगला एकेक मजला वर चढत होता.

त्या बंगल्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो. हॉलमध्ये शिरताच समोर भिंतभर काचेची टाकी होती. मासे मी पाहिले होते, पण हे खाऱ्या पाण्यातले होते, आणि माशांपेक्षा मला आत ठेवलेल्या दगडांनी धरून ठेवलं. एका दगडावर जांभळी साल चढलेली होती आणि त्या सालीतून हिरवंगार, बारीक काहीतरी उगवून पाण्याबरोबर डुलत होतं. निळ्या दिव्याखाली ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं.

"हे गवत कोनतं हाये?" मी विचारलं.

"गवत नाही, साडभाऊ. प्रवाळ आहे. जिवंत प्राणी आहे तो," साडू म्हणाला. दोन वर्षं पुण्यात राहिल्यापासून तो असंच शुद्ध बोलायचा.

"एखादा तुकडा मले भेटन का?"

"बघू," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळला.

टाकीचं झाकण अर्धं उघडं होतं. मी हात वर नेला. आत घातलाही नव्हता, नुसता पाण्यावर धरला होता, गारवा लागतो का पाहायला. एवढ्यात साडू वळला.

"साडभाऊ, हात काढा. ढेपेचा हात आहे तो. पाणी नासेल."

सगळा हॉल हसला. जवळच एक वकील हातात बुंदीचं ताट घेऊन उभा होता, तो म्हणाला, "राहू द्या हो, मासे दूध द्यायला लागतील." मग आणखी हसले. माझी बायको पंगतीत वाढत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या हातातला डाव भांड्यावर थांबला, तो मला दिसला.

माझा स्वभाव गरम आहे. बाजारात मी हमालाच्या अंगावर तराजूचं पारडं फेकलं आहे, आणि संध्याकाळी त्याच हमालाबरोबर चहा प्यालो आहे. ज्याच्यावर मी ओरडतो त्याला माझ्याकडून धोका नसतो. त्या दिवशी मी काही बोललो नाही. हात काढला, शर्टाला पुसला, जेवलो, विडा खाल्ला. पुसदहून येताना एसटीत बसल्या बसल्या मी मनाशी सौदा पक्का केला: याच माणसानं, याच हॉलमध्ये, याच लोकांसमोर मला म्हणायचं, साडभाऊ, हात घाला. त्यापेक्षा कमीत सुटका नाही.

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. आजही पाहिलेला नाही.

टाकी मी कापडाच्या दुकानांची शोकेस बनवणाऱ्याकडून करून घेतली. तो बिचारा शेवटपर्यंत विचारत होता की साड्या कोणत्या बाजूनं लावणार. समुद्राचं मीठ पोत्यात मिळतं असं कळलं, म्हणून नागपूरला गेलो.

"हे मीठ हाये का केशर?" मी दुकानदाराला म्हणालो.

"शेठ, समुद्रातले सगळे क्षार आहेत यात."

"मंग समुद्रात आता काय राह्यलं?"

मी दोनदा दुकानाची पायरी उतरलो. दुसऱ्यांदा त्यानं हाक मारली. भाव तर उतरलाच, वर पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची तरंगती नळी मी फुकट घेतली. ती नळी वापरायची अक्कल मात्र मला नव्हती.

आर्णीत लोकांना नवा विषय मिळाला. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत शेजारीण मोठ्यानं म्हणायची, "इथं प्याले पानी नाही, अन् शेठ पानी खारं करून राह्यले." ढेप न्यायला आलेले विचारायचे, "शेठ, मासे किती ढेप खाते? गाभन हायेत का?" मी ज्या उत्तरांनी त्यांना गप्प केलं ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

नागपूरहून आणलेले पहिले मासे मेले, आणि ते माझ्या धंद्यातल्याच गोष्टीनं मेले, याची मला जास्त चीड आली. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कमी व्हायचं, मी मीठ कालवलेलं पाणी भरत राहायचो. ओला कापूस वाळला की वजन घटतं, सरकी तेवढीच राहते, हे सांगून सांगून मी बाजारात आयुष्यभर भाव पाडले होते. आणि टाकीतून उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ जागेवरच राहतं, एवढं मला सुचलं नाही. पाणी खारट होत होत विष झालं. साडूला ही बातमी पोचली. त्यानं निरोप धाडला, "साडभाऊंना म्हणावं, ढेपच विका."

तो निरोप मी जपून ठेवला. बाकी काही जपण्यासारखं त्यानं मला कधी दिलं नाही.

मग मी शिकलो. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी, तेही गाळलेलं, कारण आमच्या बोअरचं पाणी दगडासारखं जड. उन्हाळ्यात खसाच्या ताट्यांचा कूलर टाकीच्या तोंडाशी लावला. पाण्यावरून वारा गेला की पाणी थंड राहतं, आणि घरभर खस आणि ढेप असा दोन्हींचा वास. भारनियमनाची ती वर्षं. वीज जायची तेव्हा ट्रकच्या जुन्या बॅटरीवर बुडबुड्यांचा पंप चालायचा. त्या बॅटरीवर पंखा लावू का म्हणून बायकोनं एकदाच विचारलं. माझं तोंड पाहून पुन्हा विचारलं नाही. ती पदरानं वारा घेत बसायची आणि पंपाचा आवाज ऐकायची. तिचंही त्या पाण्याशी काही होतं, ते मला उशिरा समजलं.

तुकडा तिनंच आणला. ती माहेरच्या कुठल्याशा कार्याला बहिणीला भेटली होती. परत आली ती पिशवीत लोणच्याची बरणी घेऊन. झाकण काढलं तर आत मोहरीचा वास येणारं खारं पाणी आणि तळाशी जांभळं, चामड्यासारखं काहीतरी गुंडाळी होऊन पडलेलं.

"लहानीनं देल्लं," बायको म्हणाली. "म्हने, काचेवर चढलं होतं, सोलून काढलं. भाऊजीले द्या, अन् यायले सांगू नका."

यायले म्हणजे तिच्या नवऱ्याला. मेव्हणीला माझा एवढा कळवळा का, हे मी तेव्हा विचारलं नाही. ज्या घरात पाहुण्यांसमोर साडूचा हात हाकलतात, त्या घरात बायकोला काय काय ऐकावं लागत असेल, हे मला समजायला हवं होतं.

तुकडा लावायची रीत मी नागपूरच्या दुकानदाराला फोनवर सतावून शिकलो. तगारीत, म्हणजे पसरट घमेल्यात, टाकीचंच पाणी घ्यायचं. दाढीच्या नव्या ब्लेडनं साल कापायची, अंगठ्याच्या नखाएवढी तरी. खालची बाजू फडक्यानं टिपायची, दगडावर घट्ट सुपरग्लूचा थेंब टाकायचा, साल दाबून धरायची, मग पाण्यात सोडायची. मी दगडाऐवजी कवेलूचे, म्हणजे छपराच्या कौलाचे, तुकडे घेतले. आमच्या गावच्या घराची कवेलू उतरवून ठेवलेली होती, ती बरेच दिवस पाण्यात भिजवून, घासून घेतली. कापताना त्या सालीला कुजक्या भाजीसारखा वास येतो आणि हिरवं सगळं आत ओढून घेतलं जातं. उरतो तो नुसता जांभळा डाग.

"मेलं नं ते," बायको म्हणायची, रोज.

एका सकाळी दुकान उघडून मी वर चहाला आलो तर ती टाकीसमोर उभी होती, हातात गाळणी तशीच. एका कवेलूवर हिरवी लव उभी राहिली होती.

नंतर त्याला थांबवणं कठीण झालं. त्या सालीच्या कडेला एक फिकट किनार असते. ती किनार सरकत पुढे जाते, आणि वाटेत जे येईल त्यावर चढते. दगड असो, काच असो, दुसऱ्याचं अंग असो. मी शेजारी नवं कवेलू टेकवून ठेवायचो. साल त्यावर चढली की मधून ब्लेडनं कापायची आणि कवेलू उचलून लांब वाळूवर ठेवायचं. वाळूवर एकटं ठेवलं तर ते तिथेच राहतं, त्याला चालत जाता येत नाही. पण दगडाला दगड लागला की संपलं. एकदा एका खडबडीत दगडावरून मी ते खरवडून काढलं, सगळं निघालं असं समजलो, आणि काही दिवसांनी त्याच खाचेतून परत वर आलं. खाचेत नखाएवढी साल राहिली होती.

तेव्हा मी टाकीसमोर बसून मोठ्यानं हसलो. हा कुंदा होता.

काळ्या रानात कुंदा नावाचं गवत होतं, अजून आहे. वरून कापलं तर काही होत नाही. खाली हातभर, दोन हात मुळ्या जातात आणि त्या मुळ्यांना गाठी असतात. एक गाठ जमिनीत राहिली तरी पुढच्या पावसाळ्यात सगळं रान परत भरतं. माझी आई गुत्त्यानं कुंदा खणायला जायची. गुत्ता म्हणजे एवढं वावर साफ करायचं असा ठराव. मी तिच्यामागे गाठी वेचायचो. तिचा एक नियम होता, तो तिनं कोणाला सांगितला नाही, मला नुसता दाखवला. मालक नीट बोलणारा असला, भाकर खायला सावलीत बसू देणारा असला, तर ती कुदळ टाकून बोटांनी माती चाचपायची आणि शेवटची गाठ काढायची. मालकानं तोंड वाईट टाकलं, जात काढली, पाणी वरून ओतलं, तर ती वावर तितकंच साफ करायची. पाहणाऱ्याला फरक दिसायचा नाही. फक्त बांधाच्या कोपऱ्यात एक गाठ ती मातीत परत दाबायची आणि वर पाय द्यायची.

"एक गाठ ठेवायची," ती म्हणायची. "मंग आपल्याले परत बलावते."

लग्नानंतर एक हंगाम माझी बायकोही तिच्याबरोबर गेली होती.

साडूच्या टाकीचं मध्यंतरी वाटोळं झालं, आणि त्यात माझा हात नव्हता. एका उन्हाळ्यात ते सगळे थंड हवेच्या गावी फिरायला गेले, मागे वीज गेली, आणि जनरेटर चालवायला ठेवलेल्या माणसाला डिझेल कुठे आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर बंगल्याच्या फाटकापर्यंत वास येत होता म्हणे. त्यानं पुन्हा सगळं भरलं. मधोमध एक मोठा दगड आणला, त्यावर तांबड्या चकत्यांसारखी प्रवाळं होती. ती त्याचा जीव की प्राण. पण ती जुनी हिरवी साल त्याला कुठे मिळेना.

यवतमाळला जाताना तो आर्णीत थांबला. वर आला, टाकीसमोर उभा राहिला. माझ्या वाळूवर ठिकठिकाणी हिरवी बेटं डुलत होती. तो काचेला नाक लागेल इतका वाकला.

"चांगली वाढवलीत," शेवटी म्हणाला. "कुठून आणली?"

"नागपूरहून," मी म्हणालो. बायको स्वयंपाकघरात गेली.

"एखादा तुकडा द्या ना मला."

मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सौद्याला लागलो. आधी म्हणालो, देता येत नाही. मग म्हणालो, तुमच्या टाकीतल्या मोठ्या माशांची जोडी द्या. तो हसला. मग म्हणालो, तुमचे निळे दिवे द्या. तो चिडला. खांद्यावरचा दुपट्टा मी दोघांच्या मध्ये पसरला. आमच्या बैलबाजारात असाच सौदा होतो. दुपट्ट्याखाली हातात हात, भाव बोटांनी सांगायचा, पाहणाऱ्याला कळत नाही.

"कापडाखाली बोला," मी म्हणालो.

तो थांबला. त्याला त्या दुपट्ट्याखाली माझा हात हातात घ्यावा लागणार होता. मी वाट पाहिली. घेतला. मी त्याचं एक बोट दाबलं.

"एकच गोष्ट मागतो. तुकडा लावीन मी. तुमच्या टाकीत, माह्या हातानं."

तो इतका मोकळा हसला की त्याला स्वस्तात पडलं असं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. समोरचा असा हसला की सौदा आपल्या बाजूनं झाला असं मी समजतो.

लावायला गेलो त्या दिवशी बंगल्यात साडू आणि मेव्हणी दोघंच होती. साडूनं मला तीनदा हात धुवायला लावले, साबणाशिवाय. मी कवेलूसकट तुकडा वाळूवर एका कोपऱ्यात ठेवायला निघालो.

"तिथे कोण बघणार? मधल्या दगडावर लावा. समोरून दिसलं पाहिजे."

"मधल्या दगडावर?"

"हो."

"चकत्यायच्या बाजूले?"

"साडभाऊ, मला शिकवू नका. मी हे तुमच्या आधीपासून करतो."

ज्याला दोनदा विचारलं त्याला तिसऱ्यांदा विचारायची माझ्या धंद्यात पद्धत नाही. मी कवेलूवरून साल सोलली, पाठ टिपली, थेंब टाकला आणि मधल्या दगडावर, चकत्यांच्या वीतभर खाली, अंगठ्यानं दाबून धरली. पाणी गार होतं. माझा हात त्याच्या पाण्यात कोपरापर्यंत होता, पण तो कोणी पाहिला नाही, म्हणून ती गोष्ट मी जमेला धरली नाही.

पावसाळ्यात मेव्हणीचे बायकोला फोन येऊ लागले. फार छान वाढलं, सगळे विचारतात. दिवाळीत: आता चकत्यांना लागलं. संक्रांतीला: दोन चकत्या दिसतच नाहीत, त्याच्याखाली गेल्या. मग साडूनं तारेचा ब्रश घेऊन दगड टाकीतच घासला. तो कृषी केंद्रवाला माणूस, तणनाशकं विकणारा, आणि त्यानं कुंद्यात वखर घातला. घासलेले कण पाण्याबरोबर गेले आणि जिथे अडकले तिथे रुजले. पंपाच्या जाळीवर, मागच्या काचेवर, दुसऱ्या दगडाच्या खाचेत. बायको मला हे सांगायची आणि मी भाकरीचा पुढचा घास घ्यायचो. त्या वर्षी मला जेवण गोड लागत होतं.

त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पाहुणे अमरावतीचे, मोठे. कार्यक्रम त्याच हॉलमध्ये. साडूचा फोन मला आला, पहिल्यांदाच सरळ मला.

"साडभाऊ, ते जरा काढून द्या. तुमच्या हातानं लावलंय, तुम्हालाच जमेल. साखरपुड्याच्या आधी या."

"आधी म्हंजे कवा?"

"या सोमवारी."

"सोमवारी माल उतरते."

"मग बुधवारी."

"बुधवारी बजार हाये."

त्यानं जो दिवस काढला त्या दिवशी मला काम होतं. त्याला सवड हवी होती, मला माणसं हवी होती. शेवटी तो थकून म्हणाला, "बरं, त्याच दिवशी सकाळी लवकर या." मी हो म्हणालो, आणि एसटी चुकली.

पोचलो तेव्हा हॉल भरला होता. अमरावतीचे पाहुणे सोफ्यावर, आमच्याकडचे खुर्च्यांवर, वकील तोच, त्याच जागी, आता जरा जाडा. मधला दगड टाकीत एखाद्या केसाळ जनावरासारखा बसला होता. तांबडी चकती एकच दिसत होती, तीही अर्धी. साडूनं मला बाजूला घेतलं. कपाळावर घाम.

"आता कशाला, लोक आहेत. उद्या करा."

"उद्या मले जमत नाही. अन् पाव्हने पाहूनच राह्यले, काय झाकता?"

अमरावतीच्या एका म्हाताऱ्यानं खरंच विचारलं, हे काय वाढलंय. साडूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी बाह्या वर केल्या. तगारी मागवली, टाकीचं पाणी भरलं, ब्लेड, फडकं, सुपरग्लूची नळी काढून ठेवली, सोबत आणलेला एक सपाट दगड ठेवला. लोक खुर्च्या ओढून जवळ आले. मी हात पाण्यावर नेला आणि थांबवला.

"काय झालं?" साडू म्हणाला.

"साडभाऊ, माहा हात ढेपेचा हाये. पानी नासन."

वकिलानं जमिनीकडे पाहिलं. साडू हसला. "अहो, गंमत होती ती."

"म्हंजे तुमाले आठोते."

मला वाटतं तेवढ्यात माझं अर्धं काम झालं. तो हे विसरला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण त्याला आठवत होतं. शब्दासकट, जागेसकट आठवत होतं.

"घाला हात," तो म्हणाला, तोंडातल्या तोंडात.

"कोनाले म्हनता?"

त्यानं एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा दगडाकडे.

"साडभाऊ," तो मोठ्यानं म्हणाला, "हात घाला."

मी घातला. साडूच्या हातात तगारी दिली आणि ती धरून उभं राहायला सांगितलं, कारण टेबल लांब होतं. टेबल जवळ आणता आलं असतं. सालीच्या किनारीखाली नख घातलं, थोडी उचकली, आणि तव्यावरून भाकर सोडवावी तशी सोडवत गेलो. काचेवरची सहज निघाली. दगडावरची खाचेखाचेतून काढली, जिथे निघेना तिथे दगडाचा पापुद्राच छिलून घेतला. चकत्या खालून बाहेर आल्या, पांढुरक्या पडलेल्या, पण जिवंत. अमरावतीचा म्हातारा "अरे वा" म्हणाला. साडूच्या हातातली तगारी वजनानं कलत होती आणि पाणी त्याच्या नव्या कुडत्यावर सांडत होतं. सोललेल्या सालीतला एक चांगला तुकडा मी सपाट दगडावर चिकटवला आणि तो दगड टाकीच्या कोपऱ्यात, वाळूवर, सगळ्यांपासून दूर ठेवला.

"आता हे इथंच राहीन. याले दुसऱ्या दगडाले लागू देऊ नका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दगड कसा ठेवायचा ते मी त्याला त्याच्याच हॉलमध्ये शिकवलं.

मग मधल्या दगडाच्या पाठीमागे हात नेला, शेवटचं चाचपायला. तिथे, खालच्या कपारीत, नखाएवढी साल होती. बोटाला गुळगुळीत लागली. ती काढायला मला क्षणही लागला नसता.

मेव्हणी टाकीच्या मागच्या बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिकडून काचेतून ती कपार सरळ दिसते.

"भाऊजी, समदं निंघालं?" तिनं विचारलं.

"निंघालं."

तिनं कपारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रे घेऊन व्याह्यांकडे गेली.

परतीच्या गाडीत बायको खिडकीशी बसली. दिग्रस मागे पडल्यावर ती माझ्याकडे वळली.

"गाठ?" तिनं विचारलं.

"ठेवली."

तिनं मान हलवली. मग पदर सावरत म्हणाली, "लहानीची बरनी आपल्याकडेच राह्यली. ते आता मांगून राह्यली. रिकामी कशी द्याव?"

पुढच्या वेळी ती बरणी भरूनच गेली. काय भरलं ते त्या दोघी बहिणींनी ठरवलं, मी पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी, कापूस वेचणीला आलेला असताना, दुकानात फोन वाजला. मी पोतं तोलत होतो. हात ढेपेनं भरलेला, तसाच रिसीव्हर उचलला.

"साडभाऊ," तो म्हणाला, "ते परत आलं. मागच्या बाजूनं."

"येते ते," मी म्हणालो.

"कधी येता?"

मी पोतं काट्यावरून उतरवू दिलं, दुसरं चढवू दिलं. तो तिकडे वाट पाहत होता, श्वास ऐकू येत होता. मग मी त्याच्याच शुद्ध भाषेत म्हणालो, "बघू."